बंद गेटचा पगार

माझ्यासारखा शहाणा तुम्हाला नाशकात दुसरा सापडणार नाही! सातपूरची आमची कंपनी बुडाली, तेव्हा कंपनी विकायला कोर्टाने नेमलेल्या साहेबाने मला बंद गेटवर वॉचमन व्हायला सांगितलं. मी भडकलो. "अठरा वर्षं लेथ चालवलाय, आता कुलूप राखू?" आणि मेहुण्याला तिथे चिकटवून दिलं.

नऊ वर्षांनी त्याच कंपनीत कामगारांच्या थकबाकीचे चेक वाटले. माझा चार हजारांचा! मी हादरलोच.

"साहेब, माझे सव्वा लाख निघतात!"

"मशिनरी विकली, त्यातून आधी कंपनी राखायचा खर्च वजा होतो. उरलं ते तुमचं आणि बँकेचं."

"राखायला एवढं काय लागलं?"

साहेबांनी कागद पुढे केला. नऊ वर्षं, दरमहा, पूर्ण पगार. नाव मेहुण्याचं.

बाहेर त्यानेच गेट उघडलं. "काय दाजी, पेढे कधी?"