पेनड्राइव्हचे एकवीस दिवस

अहो, हलका-भारी मला नका सांगू. दीड किलो काय नि दोन किलो काय — हा लॅपटॉप काही कुठे फिरायला जाणार नाहीये, टेबलावरच बसून राहणार आहे, आमच्यासारखा. मला एवढंच सांगा, याला मराठी बोलता येतं का? म्हणजे आपण टाइप केलं की मशीन मोठ्याने वाचून दाखवतं, तसं. येतं? नक्की? मग ऐकवा की. चार्जिंग उतरलंय — बरं, लावा चार्जिंगला, बसते मी. एकवीस दिवस काढले, त्यात आणखी दहा मिनिटं.

माझ्यासाठी नाही हो, ह्यांच्यासाठी. दोन वर्षांपूर्वी झटका आला — उजवा हात गेला, जीभ गेली. डोकं मात्र शाबूत, पहिल्याइतकंच तल्लख — तीच तर पंचाईत. छापखान्यात प्रूफं तपासायचे, चौतीस वर्षं. दुसऱ्याची चूक काढायची सवय, ती काय झटक्याने जाते? डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करतात, बटण दाबतात आणि लॅपटॉप बोलतो. सकाळी डोळे उघडल्यापासून. 'खिडकी उघड.' 'खिडकी लाव.' 'गॅस बारीक कर.' आता बाहेरच्या खोलीत बसून गॅस मोठा आहे हे कळतं कसं? तर वासावरून! आणि मी लगेच ओ दिली नाही की तेच बटण परत — 'गॅस बारीक कर. गॅस बारीक कर. गॅस बारीक कर.' मशीनच ते, त्याला काय दम लागतोय? एकदा फोनवर बहिणीशी बोलत होते, म्हटलं, अगं, माझ्या अपरोक्ष घडलं ते सगळं — तर बाहेरून आवाज, 'परोक्ष. अपरोक्ष म्हणजे समोर.' बहीण हसली. मी नाही हसले. मी फोन ठेवला.

हो, लॅपटॉपचं सांगते ना. नऊ वर्षांचा झालाय. मध्ये एक दिवस पडद्यावर पाटी आली — यापुढे या मशीनला अपडेट मिळणार नाहीत, आणि नवी आवृत्ती याच्यावर चालणार नाही. म्हणजे चांगला धडधाकट चालतोय आणि म्हणे म्हातारा झाला! मी निघालेच होते नवीन घ्यायला, पण माझी धाकटी नणंद — कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते — ती म्हणाली, 'वहिनी, घाई नको. दुसरी सिस्टिम असते, फुकट मिळते, जुन्या मशीनवर छान पळते. आधी वापरून बघा, नाहीच जमली तर मग नवीन घ्या.' पेनड्राइव्ह घेऊन आली. ह्यांच्यासमोरच लावला, डाव्या अंगाला, आणि आम्हा दोघांना समजावून सांगितलं — आतलं काही पुसलं जात नाही, सगळं या पेनड्राइव्हवरून चालतं. बंद करून हा काढला आणि परत सुरू केला, की जुनं जसंच्या तसं हजर.

काय सांगू तुम्हाला त्या सिस्टिमचा ताप! बटणं भलत्याच कोपऱ्यात. घड्याळ साडेपाच तास मागे. आणि रोज सकाळी सुरू केली की सगळं विसरलेली — वायफायचा पासवर्ड परत टाका, मराठी कीबोर्ड परत जोडा, रोज नव्याने ओळख करून द्यायची, जसं काही नव्या कामवालीला घर दाखवतोय! तिसऱ्या दिवशी मी कपाळाला हात लावला. आणि मुख्य म्हणजे आवाज नाही. मराठी वाचून दाखवणारा भाग वेगळा बसवावा लागतो म्हणे. नणंद म्हणाली, रविवारी येऊन बसवते.

नाही आली ती. म्हणजे — मीच म्हटलं, या रविवारी नको, आम्ही घरी नाहीयोत. होतो घरीच. कुठे जाणार?

त्याचं असं झालं — पहिल्या दिवशी संध्याकाळी मी भांडी घासत होते, आणि एकदम लक्षात आलं की नुसता पाण्याचा आवाज येतोय. नळाचा. दोन वर्षांत पहिल्यांदा. हे टाइप करत होते, नाही असं नाही, पण नुसती अक्षरं पडद्यावर. आवाज स्वयंपाकघरापर्यंत येतो हो, अक्षरं नाही येत. मी हात पुसून, चष्मा लावून गेले की वाचायचे. कधी जायचे, कधी... नाही जायचे लगेच. तुमच्या घरी आहे का कुणी आजारी? नसेल तर नाही कळायचं. औषधपाणी, अंघोळ, जेवण, सगळं वेळच्या वेळी केलं मी, त्यात काडीची कसर नाही. फक्त रेडिओ ऐकला. दुपारी झोपले. दुसऱ्या रविवारी नणंदेचा परत फोन — म्हटलं, राहू दे, मी खटपट करतेय. काय खटपट? काही नाही. ह्यांना म्हटलं, 'काय करू, नाहीच जमत बाई ही सिस्टिम.' पेनड्राइव्ह तिथेच होता. वीतभर अंतरावर. काढला असता तर पाच मिनिटांचं काम.

...असं का बघताय? मी काय जेवायला घातलं नाही का त्यांना?

आणि काल. मी कपडे वाळत घालून आत येतेय, तर आवाज! जुना. तोच. मला आधी भासच वाटला. बघते तर पेनड्राइव्ह टेबलावर काढून ठेवलेला, आणि हे पडद्याकडे बघतायत, माझ्याकडे नाही. काढला होता त्यांनीच, डाव्या हाताने. म्हणजे काढता येत होता! पहिल्या दिवसापासून येत होता, नणंदेनं सांगितलेलं त्यांनीही ऐकलं होतंच की. एकवीस दिवस बसून राहिले तसेच. आणि बटण दाबून लॅपटॉपकडून वदवलं काय, तर — 'झाली का तुझी विश्रांती?'

बस. एवढंच. परत दाबलं नाही बटण.

आता मला सांगा, हे रागाने म्हणाले की मायेने? त्या मशीनला सूर कुठे आहे! 'गॅस बारीक कर' म्हणायचं ते ज्या आवाजात, त्याच आवाजात हे. तोंडाकडे बघावं, तर तोंडाची एक बाजू हलत नाही — काय वाचायचं त्यात? मी विचारलं, 'अहो, रागावलात का?' त्यांनी झाकण लावलं लॅपटॉपचं आणि डोळे मिटले. रात्रभर मी त्या चार शब्दांवर अडकलेय. पस्तीस वर्षं संसार केलाय, पूर्वी नुसतं 'हं' म्हणाले तरी कळायचं मला, कुठलं 'हं' आहे ते.

झाला का चार्ज? सुरू करा. टाइप करा — 'झाली का तुझी विश्रांती?' हो, हेच टाइप करा. दाबा आता.

...

परत एकदा.

नाही. हाही तसाच. दुसरा दाखवू नका, कळलं मला. बंद करा तो. तुमची गिऱ्हाइकं खोळंबलीयेत — बघा त्यांच्याकडे.