खरवडून टाक

नाही नाही, तुम्ही बोलू नका — गाल केवढा सुजलाय — बसा, नुसतं बघा. सुईत काय आहे म्हणता? चुना. आयुष्यभर लोकांनी मला लावला, आता मी ह्यांना लावतोय. ही दगडावर झुलणारी तपकिरी फुलं दिसतात ना? फुलं कसली, अ‍ॅनिमोन — खाऱ्या पाण्यातला जीव, पण माशांच्या टाकीत शिरला की कीडच. शेजारच्या कोरलला, म्हणजे प्रवाळाला, डंख मारून मारून संपवतो. सुई हळूच तोंडाशी न्यायची — धक्का लागला की आत पळतो — आणि चुना भरायचा. खरवडायचं मात्र नाही. कधीच नाही. कणभर तुकडा राहिला तरी त्याचा नवा उभा राहतो.

टाकी तशी माझीच. म्हणजे डेंटिस्टबाईंची, पण दगड न् दगड मी रचलाय. मग तिचं काम धाकट्याने घेतलं — सख्खा भाऊ हो, बारा वर्षं माझ्या हाताखाली शिकला, आणि बाईंना म्हणाला, दादाचे हात हल्ली थरथरतात. थरथरतात का? हे बघा. — बरं, थोडे थरथरतात, पण ते त्याने सांगायचं? वर माझ्याकडेच दगड मागायला आला. दिला. निवडून दिला — म्हणजे, निवडून कसला, हाताला लागला तो — त्या दगडाच्या खाचेत ह्यातलाच एक होता, नखाएवढा. मला दिसला. त्यालाही दिसायला हवा होता, नाही का? महिन्याभराने फोन — "दादा, चार झालेत, काय करू?" दुसऱ्या कुणाला विचारलं नाही त्याने. मलाच विचारलं. मी जेवत होतो. म्हटलं, "पात्याने खरवडून टाक."

खरवडले हो. बाई सांगत होत्या, सुट्टीच्या दिवशीसुद्धा येऊन खरवडायचा. जितके खरवडले त्याच्या दुप्पट उगवले. कोरल पांढरंफटक पडलं, बाईंनी त्याला काढलं आणि मला बोलावलं. आता तो कुठल्याशा गोदामात खोकी चिकटवतो. आणि अजून त्याला वाटतं, आपलाच हात चुकला — परवा आईसमोर म्हणाला, "दादा, तुझ्यासारखं नाहीच जमलं मला." आई म्हणाली, "शिकव की रे त्याला पुन्हा." मी पाणी प्यायलो.

असं का बघताय? मी काय त्याचा हात धरून खरवडायला लावलं? एक शब्द सांगितला फोनवर. त्याने ऐकला. तो नेहमी ऐकतो माझं — लहानपणापासून.

नाव पुकारलं तुमचं. जा. जा म्हटलं ना.