चाळीस सेकंद

ताई : बस आलीच नाही, हे तू डॉक्टरांना सांग, शेजारच्या खाटेवरच्या बाईंना सांग. मला नको सांगूस, आई. मी परिवहन खात्यात बसते. कुठली बस कुठल्या थांब्यावर किती वाजता होती, ते मला टेबलावर दिसतं.

आई : मग टेबलालाच विचार ना. मला कशाला छळतेस? खुब्याचं हाड मोडलंय माझं, डोकं नाही.

ताई : नऊ बाराला आली. जेमतेम मिनिटभर उशिरा. आणि थांबली नाही. ही तक्रार मी लिहून आणलीय, तू फक्त सही कर. उद्या कराराची बैठक आहे. पुढची सात वर्षं बस याच कंपनीने चालवायच्या का, आणि कुठल्या अटींवर, ते ठरणार. कंपनीवाले छाती ठोकून सांगतात, थांबा चुकवल्याची वर्षभरात एकही लेखी तक्रार नाही.

आई : नसेल. लोकांना कामं असतात.

ताई : लोक मुकाट्याने चालायला लागतात, म्हणून तक्रार नाही. तूही लागलीस. पुढच्या थांब्याकडे निघालीस आणि सायकलमार्गासाठी खणलेल्या चरात पडलीस.

आई : चर तुमच्याच खात्याने खणलाय.

ताई : तो दुसऱ्या कंपनीने.

आई : वा! चालवणारे वेगळे, खणणारे वेगळे. मग तुम्ही कोण?

ताई : आम्ही भागीदार.

आई : पडताना मात्र मी एकटीच होते हो.

धाकटा : आई, कशी आहेस? सफरचंदं आणलीत.

ताई : या. कंपनीचे चालक आले. नऊ बाराच्या बसवर कोण होतं, ते आता स्वतःच्या तोंडाने सांग तिला.

धाकटा : तू बोललीस तिच्याजवळ?

ताई : मी कशाला बोलू? तिने तुला पाहिलंय. म्हणून तर बस आलीच नाही म्हणतेय.

आई : आवाज खाली. लोक बघताहेत. बस रे तू. जेवलास का?

धाकटा : आई, त्या कागदावर सही केलीस की मी घरी बसलो. कंपनीला करार सोडायचा नाही. त्यापेक्षा मला सोडतील.

ताई : मी चालकाचं नाव घातलेलं नाही.

धाकटा : वेळ आहे ना? गाडीचा नंबर आहे ना? मग झालं! आणि तू कोणाला शिकवतेस, ताई? उशीर झाला की दंड, हे कलम कोणी लिहिलं? तू. थांबा चुकवला की दंड, हे का नाही लिहिलंस?

ताई : लिहिलं होतं. मागच्या कराराच्या वेळी, तिसऱ्या बैठकीत, कंपनीने काढायला लावलं. ते ठेवलंत तर विजेच्या बस आणत नाही म्हणाले. साहेबांना वर्षअखेर शंभर बस रस्त्यावर हव्या होत्या. मी गप्प बसले. चुकलं माझं. झोप लागत नाही मला, आणखी काय सांगू?

धाकटा : तू एकदा गप्प बसलीस. मला ते रोज निस्तरावं लागतं. म्हातारं माणूस दिसलं की दारातली फळी खाली सोडायची, ते चढणार, मग फळी वर घ्यायची. चाळीस सेकंद. पूर्वी वाहक हात द्यायचा, त्याला तुम्ही काढलंत. आठवड्यात तीनदा उशीर झाला की गाडी काढून घेतात. माझे दोन झाले होते. त्यात सिग्नलला अडकलो. एखादा थांबा सोडल्याशिवाय ती वेळ भरून निघत नाही. सगळेच सोडतात.

ताई : उद्घाटनाला त्याच फळीवरून आम्ही एका आजींना चढवलं होतं. सगळ्या पेपरांत फोटो आला.

धाकटा : त्या दिवशी गाडीला वेळापत्रक नव्हतं.

आई : पुरे! दोघांचंही पुरे. अगं, त्याने मला पाहिलंच नसेल. सकाळचं ऊन तिथे समोरून येतं, आणि मी जाहिरातीच्या फलकाआड उभी. हात केला तोसुद्धा उशिराच. पोराची नोकरी घालवून माझं हाड सांधणार आहे का? ठेव तो कागद पर्समध्ये.

ताई : तुझी सही नसेल तर उद्या मला तोंड उघडता येणार नाही. सात वर्षं, आई.

आई : सात वर्षांत मी कुठे बसने जाणार आहे!

ताई : आणि बाकीच्या?

आई : त्यांचं त्यांची मुलं बघतील.

धाकटा : आई, ऊन नव्हतं.

आई : असेल रे. तुझ्या लक्षात नसेल.

धाकटा : नव्हतं. ढग होते. नको मला अशी सांभाळून घेऊस, सहन होत नाही. तू फलकाच्या चांगली पुढे आली होतीस. लांबूनच ओळखलं मी तुला, काठी टेकायच्या लकबीवरून.

आई : मग?

धाकटा : पुढच्या थांब्यावर एक निवृत्त मास्तर असतात. गाडी थांबली नाही की फोन करकरून कंपनीचं डोकं खातात. त्याच्या पुढे शाळेच्या मुली, त्यांचे पालक सोबत. सोडायचा तर तुझाच थांबा होता. म्हटलं, आई तर आहे. आई कुठे काय बोलणार आहे?



आई : ताई, माझा चष्मा दे. आणि सही कुठे करायची, ते दाखव.