व्याह्यांची गाडी आणि द्वारकाबाईंची पिशवी

सज्जनहो, आजचा प्रश्न साधा आहे. ज्याच्यावर आपला पूर्ण विश्वास, त्याच्याकडे कागद मागावा का? लगेच माना हलवू नका – आधी ऐका.

कऱ्हाडचे निवृत्ती धुमाळ. आयटीआयमध्ये तीस वर्षं फिटरचं काम शिकवलं. सळई कापण्यापूर्वी तीनदा मोजणारा माणूस. त्यांची लेक शलाका फलटणच्या खराड्यांकडे दिलेली. व्याही दिनकरराव आपली जुनी मोटार विकायला निघाले, ती निवृत्तीरावांनी घ्यायची ठरली. गाडी दारात आली. हार चढला, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ हातात आला – कागद मात्र कोणी पाहिलेच नव्हते. व्याह्यांकडे कागद मागायचा? मंडळी, तुम्ही मागितला असता?

पत्नी कानाशी लागली, "अहो, लेक त्या घरात नांदतेय. काही विचारू नका."

धास्ती त्यांनाही तीच होती. पण नारळाचा हात खाली येईना.

"दिनकरराव, गाडीचं आरसी पुस्तक जरा बघू?"

व्याह्यांचा चेहरा उतरला. "सोयरीक करताना इतकं विचारलं नव्हतंत."

"विचारलं होतं. तीन गावांत. फक्त तुम्हाला विचारलं नव्हतं."

दिनकरराव पोट धरून हसले. "आमच्या हिनंही तुमच्याबद्दल तेच केलं होतं. घ्या, बघा."

निवृत्तीरावांनी कागद ठेवून, पेन्सिल घासून चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, कोरलेल्या नंबरचा छाप घेतला. पुस्तकाशी ताडला. नंबर जुळला, मालकाचं नाव जुळेना. द्वारकाबाई साबळे, वाई.

"या कोण?"

"कोण जाणे. मी गाडी थोरल्या लेकीच्या सासऱ्यांकडून घेतली."

"तेव्हा पुस्तक पाहिलं नाहीत?"

"व्याह्यांकडे कसं मागणार?"

पाहिलंत? त्या व्याह्यांनीही आपल्या व्याह्यांकडूनच घेतली होती! सहा वर्षं गाडी मानपानात फिरली. पुस्तकातलं नाव जागचं हललं नाही.

दोघे हारासकट गाडी घेऊन वाईला गेले. द्वारकाबाई ऐंशीच्या. गाडी पाहून आत गेल्या, एक भरलेली पिशवी घेऊन बाहेर आल्या.

"चला. पण हार कशाला घातलात? न्यायचं तर असंच न्या."

"कुठे न्यायचं, आई?"

त्यांनी नोटिसांचा गठ्ठा पुढे केला. भरधाव चालवल्याच्या सगळ्या. "मला सायकलसुद्धा येत नाही हो. यजमानांनी गाडी माझ्या नावावर घेतली, ते गेल्यावर व्याह्यांना दिली. पण नाव माझंच राहिलं. उद्या कुणी गाडीखाली आलं तर पोलीस मलाच धरून नेणार ना? म्हणून पिशवी भरून ठेवलीय."

पिशवीत दोन लुगडी, रक्तदाबाच्या गोळ्या, जपमाळ.

दिनकरराव पायरीवरच बसले. नोटिसांवरच्या तारखा वाचल्या, मान खाली गेली. "आई, नाव तुमचं. वेग माझा होता."

पुढे दंड दिनकररावांनी भरले, आरटीओत नाव बदललं, नवं पुस्तक हाती आलं. मगच नारळ फुटला – द्वारकाबाईंच्या हातून. त्यांनी पिशवी रिकामी केली, तिच्यात परसातला घेवडा भरला आणि म्हणाल्या, "ही तुमच्या शलाकेला. मला आता कुठे जायचं नाही."

मंडळी, निवृत्तीरावांनी संकोच धरला असता, तर एक म्हातारी आजही दाराकडे बघत बसली असती. विचारण्यानं माया आटत नाही. मंडपाबाहेर आज चाळीसेक गाड्या उभ्या आहेत. घरी जाण्याआधी आपापलं पुस्तक उघडा, नाव वाचा. ते तुमचं नसेल, तर कुणाच्या तरी दाराशी एक पिशवी भरलेली आहे. ती रिकामी करून या. देवाचं नाव मग खुशाल घ्या.