पहिल्या निवडीचा पोरगा आणि माझी खोली

नाही, पण धीर म्हणजे नक्की किती? हे एकदा कुणीतरी मला सांगा ना! म्हणजे आठवडाभर? वर्षभर? वजनावर मिळतो की वारावर मोजून? कारण गेला महिनाभर अख्खं लॅंगडेल शहर एकच शब्द बोलतंय, धीर, धीर, धीर... आणि धीराच्या शेपटाला लगेच ‘पण’! “धीर आहे हो आम्हाला, पण...” हा ‘पण’ आला की मी हातातला पाना खाली ठेवतो. आता अर्धा तास गेला.

तुम्हाला सांगतो, मी मुळात बोलणारा माणूस नाही. दहावीतच शाळा सोडली, तेव्हापासून टायरच्या दुकानात आहे, आणि टायरचं बरं असतं, तो उलट विचारत नाही. पण ऑक्टोबर! आमच्याकडे ऑक्टोबरात सगळ्या शहराला एकाच सकाळी आठवतं की हिवाळ्याचे टायर चढवायचेत. मग ही रांग! आणि गाडी वर उचलली की गाडीवाल्याला दुसरं काम काय? माझ्या डोक्यावर उभं राहून बोलायचं. विषय? विषय एकच, आमच्या घरी राहणारा कोल्टन स्टॅडनिक.

हो, तोच. यंदाच्या ड्राफ्टमधला पहिला. आता ही ड्राफ्टची भानगड अशी की उन्हाळ्यात आइस हॉकीचे सगळे मोठे क्लब अठरा वर्षांची पोरं एकेक करून वेचून घेतात, आणि जो क्लब गेल्या मोसमात सगळ्यात वाईट हरला त्याला बहुतेक पहिला हात मारायला मिळतो. आमचे स्टोकर्स असे हरले होते, असे मन लावून, एकदिलाने हरले होते, की पहिला हात आमचाच. त्या दिवशी गावभर मोटारींचे भोंगे वाजत होते. कशाबद्दल? हरल्याबद्दल! मला तेव्हापासूनच काही कळेनासं झालंय.

आणि हा कोहिनूर ठेवला कुठे? आमच्याकडे. माझी आई लोरेटा, शाळेची बस चालवते, आणि गेली कित्येक वर्षं हॉकीची बाहेरगावची पोरं घरी ठेवून घेते. जेवायला घालायचं, मोजे धुवायचे, वेळेवर झोपवायचं. क्लबकडून मिस्टर टली आले. नव्या पोरांच्या प्रगतीवर लक्ष ठेवायचं हा त्यांचा हुद्दा, हळू बोलतात, प्रत्येक वाक्याआधी नाकातून श्वास घेतात. म्हणाले, “लोरेटाबाई, पोराला हॉटेल नको, घर हवंय. आणि मुख्य म्हणजे... धीर हवाय.”

आई म्हणाली, “धीर माझ्याकडे भरपूर आहे.”

मी तिथेच उभा होतो हो! तेवीस वर्षं मी या बाईच्या घरात आहे. हा भरपूर धीर तिने ठेवलाय कुठे?

खोली कुठली द्यायची? माझी. “त्याला उजेड हवा, वाढीच्या वयातला आहे.” म्हटलं, आई, मग माझी वाढ? “तुझी झाली.” संपलं. उचलली गादी, आलो तळघरात, कपडे वाळवायच्या यंत्राला पाय लावून झोपायला.

पोरगा वाईट नाही हं. उलट इतका गुणी की रागवायची सोयच नाही! ताट उचलून ठेवतो, आईला ‘मावशी’ म्हणतो, मला ‘दादा’ म्हणतो. पहिल्या सामन्यात काय झालं, आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे, नवा पोरगा पहिल्यांदा बर्फावर उतरला की जुने खेळाडू दारातच थांबतात आणि त्याला एकट्यालाच फेरी मारू देतात. याला वाटलं, मागून सगळे येतायत. मोठ्या ऐटीत अर्धी फेरी मारली, मागे वळून बघतो तर कोणी नाही! अठरा हजार माणसं हसतायत, टाळ्या वाजवतायत, काही तर रडतायत, आणि हा मधोमध असा उभा, लग्नाच्या मांडवात चुकून भलत्याच बाजूला बसल्यासारखा.

मग सामना. गोल? नाही. ठीक आहे, पहिलाच आहे. दुसरा सामना... नाही. तिसरा... एकदा चकती, म्हणजे या खेळातला चेंडूच म्हणा, त्याच्या ढुंगणाला लागून दुसऱ्याकडे गेली आणि त्याने गोल मारला, तर त्या गोलात याचाही वाटा धरला म्हणून रेडिओवर दोन तास चर्चा! “धीर आहे हो आम्हाला, पण... ढुंगणाने किती दिवस चालणार?”

दुकानात हिल्डा आजी. ऐंशीच्या पुढचं वय, एवढीशी गाडी. “अरे एल्डन, पोराला वेळ द्यायला हवा बाबा. अठरा म्हणजे काय वय आहे? मी अठराव्या वर्षी...” इथून सत्तर वर्षांचा इतिहास, गाडी वर लटकलेली, मागे रांग भोंगे वाजवतेय, “...तर धीर आहे हो मला, पण तो कोपऱ्यात चकती घ्यायला का जात नाही रे? घाबरतो का? आज रात्री जेवताना तू त्याला सांग, म्हणावं हिल्डा आजी म्हणते कोपर खुपस.”

कोपर खुपस! मी सांगू? मला बर्फावर उभं राहायला खुर्ची लागते हो! आणि आमचे मालक ओरेस्ट काका, त्यांनी तरी आजीला आवरावं की नाही? ते म्हणतात, “कोपराचं नंतर बघू, आधी त्याला डावीकडून खेळव.” मी! मी खेळव!

घरी यावं तर तिथे वेगळंच. जेवणाच्या टेबलावर आई कोल्टनला, “सावकाश खा बाळा, आणखी पिरोगी घे, घाई नाही कसलीही.” लगेच तोंड इकडे, “एल्डन, आटप! कचरा कोण ठेवणार बाहेर?” एकच तोंड, दोन आवाज. बस चालवून चालवून तिला गिअर बदलायची सवय झालीय.

जेवण झालं की हा तळघरात येतो. “दादा, चालेल ना?” मी पाय वर घेतो. मग हा पठ्ठ्या त्या वाळवायच्या यंत्रावर चकत्या मारत बसतो. थाड! थाड! मी गोळा करून देतो. यंत्राचं दार असं पिचलंय की आता त्यातून कपडे ओलेच निघतात. महिनाभर मी ओले मोजे घालून टायर बदलतोय. पण काय सांगू, तिथे काय मारतो पोरगा! डोळे मिटून मारतो, हसत मारतो, एकदा माझ्या शर्टाच्या वरच्या बटणावर आधी सांगून मारली, शर्ट दोरीवर होता म्हणून बरं. मग बर्फावर काय होतं याला? मला काही कळेना.

आणि आता माझी खरी पंचाईत ऐका. अठरा वर्षांच्या पोराला मोठ्या क्लबाने नऊ सामने खेळवून बघायचं असतं. दहाव्याला उतरवला की मोठ्यांचा करार लागू, मग तो हिवाळाभर इथेच. नाही उतरवला तर परत त्याच्या जुन्या, पोरासोरांच्या ज्युनियर संघात. म्हणजे कोल्टनचा खेळ जमला, तर मी वसंतापर्यंत तळघरात. कोल्टन पडला, तर मला खोली! आता सांगा, टीव्हीवर त्याच्याकडे चकती आली की मी देवाकडे काय मागू? गोल व्हावा? न व्हावा? मी खुर्चीतून अर्धा उठायचो आणि तसाच राहायचो. आई म्हणायची, “पाठ धरली का रे?” काय सांगू तिला? पाठ नाही गं, मन धरलंय!

आठवा सामना झाला. भोपळा. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर हा खाली आला आणि चकत्या न मारता माझ्या गादीच्या कडेला बसला. मी पाय वर घेतलेलेच.

“दादा, तुला सगळे ओरडायचे का रे, शाळेत असताना?”

“भरपूर.”

“मला कोणी ओरडतच नाही,” म्हणाला. “चकती माझ्याकडे आली की अठरा हजार माणसं गप्प होतात. ते सगळे धीर धरतात ना, तो मला ऐकू येतो. तिकडे ज्युनियरला चुकलो की बसमध्ये सगळे कागदाचे बोळे मारायचे. गाणी करायचे माझ्यावर. दुसऱ्या दिवशी मी दोन गोल मारायचो.”

म्हटलं, “मग परत जायचंय का तुला?”

तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चर्चमध्ये शिवी दिली. “पहिल्या निवडीच्या पोराने असं बोलायचं नसतं, दादा.” आणि वर निघून गेला. माझ्या खोलीत.

बरं, हे ऐकून माझा गुंता सुटावा की नाही? तर सकाळी दुकानात पहिली गाडी कुणाची? मिस्टर टलींची! नववा सामना त्याच संध्याकाळी. मी गाडी वर चढवली, म्हटलं चाकाच्या मागे लपता येईल. हे आले चाकाच्या मागे. नाकातून श्वास घेतला.

“एल्डन, माझ्याकडे आकडे खूप आहेत. पण तू त्याला रोज बघतोस. उद्या ठरवायचंय. मला खरं सांग, पोरगा तयार आहे?”

आता बघा हं! ‘नाही’ म्हणावं, तर ते खरं बोलणं की खोलीसाठी बोलणं? ‘हो’ म्हणावं, तर मी थोर, निःस्वार्थी, आणि तो पोरगा हिवाळाभर त्या शांततेत बुडणार! त्याने मला जे सांगितलं ते सांगावं, तर विश्वासघात. न सांगावं, तरी... मी तोच एक नट पिळतोय, पिळतोय, ओरेस्ट काका लांबून ओरडतायत, “अरे मोडशील!”

म्हटलं, “साहेब, आधी कबूल करतो, यात माझा स्वार्थ आहे.”

“कसला?”

“उजेडाचा.”

त्यांना काही कळलं नाही. मग निव्वळ उत्तर टाळायला म्हणून, शपथेवर सांगतो, निव्वळ भित्रेपणाने माझ्या तोंडून निघालं, “पण साहेब, मला का विचारता? त्याला विचारलंत का?”

“त्याला? काय विचारायचं?”

“हेच. तयार आहेस का म्हणून.”

तुम्हाला सांगतो, हा माणूस बोटांवर महिने मोजत राहिला, तोवर मी चारही चाकं बसवून टाकली. मग म्हणाले, “चार महिने झाले. नाही विचारलं रे कुणी.” आणि गाडी घेऊन थेट आमच्या घरी.

ते आणि कोल्टन, दोघं स्वयंपाकघरात दार लावून बसले होते म्हणे. आईला बसची वेळ झाली तरी ती दाराबाहेर उभी. काय बोलले देव जाणे. पण संध्याकाळी सामन्यात हा पोरगा उतरला तो तळघरातला पोरगा! हसतोय! एक गोल, अर्ध्या तासात दुसरा! आई किंचाळतेय, रस्त्यात भोंगे, आणि मी? मी पूर्ण उभा राहिलो हो! खोलीबिली गेली खड्ड्यात म्हटलं, नाचलो! नाचून झाल्यावर आठवलं, अरे, आता हा कायमचा राहणार.

सकाळी क्लबने जाहीर केलं, कोल्टन स्टॅडनिक ज्युनियर संघात परत जातोय, स्वतःच्या इच्छेने, पुढच्या मोसमात भेटू.

दुकानात काय आग लागली म्हणता! हिल्डा आजी टायर बदललेले असताना पुन्हा आल्या, खास ओरडायला. “या क्लबला धीरच नाही! दोन गोल मारणाऱ्या पोराला घालवतात? मी किती धीर धरला होता त्याच्यासाठी!” ओरेस्ट काका म्हणाले, “आम्ही तर कधी एक शब्द बोललो नाही.” मी पाना खाली ठेवला आणि दोघांकडे बघत राहिलो. पुन्हा उचलला.

कोल्टन गेला. आईने डबाभर पिरोगी बांधून दिल्या, गाडीत बसताना तो म्हणाला, “दादा, चादर बदललीय मी.” आई रडली. माझं... धूळ फार असते आमच्याकडे ऑक्टोबरात.

आणि मी आलो वर. माझी खोली! माझी खिडकी! असा झोपलो, असा झोपलो... आणि सकाळी दारावर टकटक. आता माझ्या आईने माझ्या दारावर आजवर टकटक केलेली नाही, ती दार उघडून दिवा लावते. मी घाबरून उठलो. तर हातात थाळी, दोन अंडी, संत्र्याचा रस.

“झोप झाली का बाळा?”

बाळा! मी गच्च पांघरूण धरलं.

“मिस्टर टलींचा फोन होता,” म्हणाली. “म्हणाले, तुमच्या मुलाला समज फार आहे. वय विचारलं. तेवीस म्हटलं. तर म्हणाले, तेवीस म्हणजे काहीच नाही, अजून पुष्कळ वाढ बाकी आहे, थोडा धीर हवा. तर मी चौकशी केलीय हो, मोठ्यांसाठी संध्याकाळची शाळा असते. काही घाई नाही. तू तुझ्या वेगाने कर.” उशी सारखी केली, दारापर्यंत गेली, वळली. “नाताळपर्यंत दहावी झाली म्हणजे झालं.”

दुकानात पोचतो, तर माझ्याआधी बातमी पोचलेली. हिल्डा आजी, “अरे, शाळेत जाणार म्हणे! वेळ घे हो, तेवीस म्हणजे काय वय आहे?... पण तुझं गणित कच्चं ना रे?” ओरेस्ट काका, “आजी, दडपण आणू नका त्याच्यावर. धीर आहे आपल्याला. पण भूमितीचं काय करायचं?” आणि मग रांगेतली सगळी, अहो सगळी, माझ्याकडे बघत गप्प झाली. आणि तेव्हा मला तो ऐकू आला. कोल्टन म्हणाला होता तो. सगळ्यांनी मिळून धरलेला धीर. टायरमधून हवा जावी तसा बारीक आवाज असतो त्याचा.

संध्याकाळी घरी गेलो, गादी गुंडाळली, सरळ जिना उतरलो. आई मागे, “अरे, काय झालं?”

म्हटलं, “काही नाही. मी खाली जातोय. अजून तयार नाही मी.”

मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर किती बरं झालं असतं! तर नाही. नाकातून श्वास घेतला, अगदी मिस्टर टलींसारखा, आणि म्हणाली, “बरं बाळा. तुला जिथे बरं वाटतं तिथे राहा. पुस्तकं मी खालीच आणून ठेवते.”

आणली हो. भूमिती सगळ्यात वर.