वीस मिनिटांचं पाणी

संयोगिता : केरबाआबा, पाण्याची चावी फिरवायच्या आधी माझं ऐका तरी.

केरबा : ऐकतोय की. वीस वर्सं पाटकरी हाय, गावाचं ऐकायलाच ठेवलंय मला पाणी संस्थेनं. तुझं चार तास झालं. आता पाळी बाराव्या दिवशी.

संयोगिता : ठिबकला बारा दिवसांनी पाणी कसं चालंल? त्याला रोज लागतंय, थोडं थोडं. गेल्या पाळीला असंच झालं. तासाभरात रान भिजलं, उरलेलं वाहून वड्याला गेलं. पुढं उसाचं कोंब करपाय लागलं.

केरबा : मग पाटानं पाज. सगळं गाव पाजतंय.

संयोगिता : पाटानं पाजून पाजून खालचा तुकडा मिठानं पांढरा झालाय. तुम्ही रोज बघताय. म्हणून तर ठिबक घातलं.

केरबा : कुणाला इचारून?

संयोगिता : कारखान्याचा माणूस घरी आलता. कृषी खात्यानं अनुदानाचा अर्ज भरून घेतला. नळ्या टाकल्या, फोटो काढला, गेले.

केरबा : आणि पाणी कुणाचं?

संयोगिता : संस्थेचं.

केरबा : संस्थेला कोण बोललं?

संयोगिता : कुणीच न्हाय. मीबी न्हाय. चुकलंच माझं. वाटलं, एवढी शिकलेली माणसं, तुमच्याशी बोलली असतील.

केरबा : आमच्याशी कोण बोलतंय, बाई.

संयोगिता : संस्थेच्या चेअरमनना गाठलं काल, शिवाजी पेठेत घरी जाऊन. शेततळं काढून पाणी साठवा म्हणाले. सव्वीस गुंठं रान, आबा. तळं काढू का ऊस लावू?

केरबा : मासं सोड.

संयोगिता : हसू नका. मामंजी म्हणत्यात, आज पाळी झाली की उद्या नळ्या गुंडाळून माळ्यावर टाकतो. एकदा निघाल्या की परत टाकू देतील व्हय मला त्या घरात?

केरबा : म्हातारा ऐकायचा न्हाय.

संयोगिता : जास्त मागत न्हाय मी. माझं हेच चार तास रोज वीस वीस मिनिटं करून द्या. ज्याची पाळी, त्यानं वीस मिनिटं सोडायची. माझ्या पाळीचं चार तास त्यांनी वाटून घ्यायचं.

केरबा : बोलायला काय जातंय. चावीवर मी उभा असतोय. पाच मिनिटं उशीर झाला तर गणपतराव खोरं घिऊन अंगावर आलता.

संयोगिता : म्हणजे न्हायच.

केरबा : न्हाय म्हणणारा मी कोण? व्हय म्हणणाराबी मी कोण? ठराव लागतोय. सभा गणपतीनंतर.

संयोगिता : तवर रानात काय राहतंय? चला, फिरवा चावी.

(केरबा चावी फिरवतो. नळ्यांतलं पाणी थांबतं.)

केरबा : उद्या पाळी कुणाची, ठावं हाय?

संयोगिता : तुमचीच की.

केरबा : सातला तुझा कॉक उघडून ठेव. वीस मिनिटं. मोबाईलवर वेळ लावून बसणार मी.

संयोगिता : आणि परवा?

केरबा : परवा गणपतराव.

संयोगिता : ते देतील?

केरबा : न्हाय देणार. तरी सांजच्याला जाऊ तेच्याकडं. सासऱ्यालाबी घे संगं.