सगळ्या घराचं नेट

अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडवर माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सासूचा मुलगा मोटारसायकल लावून सरळ त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"माय, घरी चाल. लोक पाहून राहिले."

"पाहू दे. काल काकाच्या घरच्यांसमोर गुंजन फोनवर काय काय पाहते त्याची यादी वाचलास, तेव्हा लोक नव्हते काय?"

"मग? दोन्ही घरांचं नेट माझ्याच कॉम्प्युटरमधून जाते. जोडणी मी केलो. कोण काय पाहते ते मले दिसते."

"दिसते म्हणून मोठ्यानं वाचाचं? तिचा फोन आपटाचा?"

"नागपूरचं पोरींचं होस्टेल शोधून राहिली होती ती! नवरा असताना होस्टेल कायले पाहिजे?"

"नर्सिंगले नंबर लागला तिचा, म्हणून."

"मी नाही म्हणलो होतो!"

"अन् होस्टेल तिनं नाही शोधलं, भुपेंद्र. मी शोधली. माझ्या फोनवर. तू न विचारता तिचंच नाव धरलास."

"तू? तुले तर फक्त फोन उचलता येते."

"येत होतं तेवढंच. तीन महिने चुलीजवळ बसून तिनं शिकवलं मले. तू त्याच घरात होतास. ते नाही दिसलं तुझ्या कॉम्प्युटरले?"

"आवाज कमी कर, माय."

"नाही करत. गुंजन, साकोलीची गाडी लागली, तिथून नागपूरची भेटते. तू चढ आधी."

"मी सगळ्यांचं नेट बंद करून टाकीन!"

"कर. हिले होस्टेलात सोडून मी परत येते. तोवर ते दुसऱ्याचं पाहणं बंद कर, नाही तर तुझा डब्बा वायरीसकट तलावात टाकीन."